उसना कोट

मे उजाडला की मुलुंडच्या आमच्या इमारतीत
दोनच चौकश्या सुरू होतात:
पायरी आली का बाजारात,
आणि वर्तकबाईंचा कोट मोकळा आहे का.

कोट ह्यांचा.
अठ्ठ्याऐंशी साली गोदीतून ह्यांना
ग्लासगोला धाडायचं ठरलं होतं,
क्रेनचं काहीतरी शिकायला, सहा आठवडे.
ठाकुरद्वारच्या पोरे मास्तरांनी माप घेतलं,
म्हणाले, साहेब, डावा खांदा उतरता आहे तुमचा,
तिथे जरा उतार ठेवतो.
कोट झाला. करडा, आतून रेशमी अस्तर.
मग ग्लासगोला दुसरंच कुणी गेलं.
हे त्याबद्दल बोलले नाहीत कधी.
एका जानेवारीत पहाटे
दूध आणायला म्हणून घालून गेले
आणि घामाघूम होऊन परत आले. तेवढंच.

ह्यांच्या मागे पहिल्यांदा मागितला चौथ्या मजल्यावरच्या शेणॉयांनी.
मग रांगच लागली.
कोट प्रागला जाऊन आला, व्हिएन्नाला दोनदा,
नॉर्वेत बोटीवर भिजलासुद्धा.
मी फार तर वेंगुर्ल्यापर्यंत.

परत येतो तेव्हा खिशात काहीबाही असतं.
ट्रामचं तिकीट, साखरेची पुडी,
एकदा तर नुसती वाळू.
मी विचारत नाही, ते सांगत नाहीत.
शंकरपाळ्यांच्या जुन्या डब्यात टाकते सगळं.

यंदा तळपदे. नवरा-बायको, दोन मुलं,
एडिंबरा, नऊ दिवस.
बॅगा तोलायला भूमिका माझा काटा घेऊन गेली,
मेतकुटाच्या पुडीवरून तिचं आणि हेमेंद्रचं वाजलं
ते जिन्यात ऐकू येत होतं.
थोरली शार्वी कोटात नाक खुपसून म्हणाली,
आजी, याला बँकेच्या लॉकरचा वास येतो.

पाचव्या रात्री फोन किणकिणत राहिला.
इकडे वीज गेलेली. मी गॅलरीत
फरशीवर पाणी ओतून त्यावर पाय टाकून बसले होते.
अठ्ठावीस फोटो.
किल्ला. किल्ला आणि शार्वी.
काळ्या दगडांची उंच घरं:
'आजी, सगळं फोर्टसारखंच आहे, फक्त घाम नाही.'
पिशवीचा बाजा फुंकणारा माणूस,
शेजारी त्याच्यासारखेच गाल फुगवून धाकटा.
आणि मग एक, बहुधा चुकून निघालेला:
टेकडीची चढण, वाकलेलं गवत,
पाठमोरा कोट.
डावा खांदा उतरलेला.

हेमेंद्रच तो, मला का कळत नाही,
डोक्यावरचं टक्कलही दिसत होतं चांगलं.
उतार पोरे मास्तरांचा होता,
कापडातला.
तरी दोन बोटांनी फोटो मोठा करत गेले,
इतका, की शेवटी नुसतं करडं उरलं
आणि फोनची बॅटरी संपली.

कोट आला तो ड्रायक्लीन होऊन,
प्लास्टिकच्या पिशवीत, वर बिस्किटांचा चौकोनी डबा.
तळपद्यांना रीतभात फार.
ती गेल्यावर सगळे खिसे चाचपले. आतलाही.
काही नाही.
मी ठेवलेल्या डांबरगोळ्यासुद्धा नाहीत.

दुपारी दाराला कडी घालून
चढवला अंगात.
पंखा पाचावर, तरी पाठीला धार.
आरशात मनगटं गडप, कॉलर कानापर्यंत.
तिसरं बटण लावत होते तोच बेल.

सिलिंडरवाला.
वरपासून खालपर्यंत बघितलं त्याने,
मग म्हणाला, मावशी, कुठं निघालात?

म्हटलं, आधी तो आत ठेव,
गळतीबिळती बघून दे नीट.
आणि सुट्टे द्यायला
मी पुन्हा त्याच खिशात हात घातला.